‘भेद नाही’ म्हणजे नेमके काय? रोमकरांस पत्र, अध्याय ३

शरणपूरकर

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर तासभर बायबल अभ्यास असतो आणि सध्या नव्या करारातील, प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेले पत्र चालू आहे. गेल्या रविवारी गाडी तिसऱ्या अध्यायाच्या बाविसाव्या वचनावर अडली. देवाचे नीतिमत्त्व येशू ख्रिस्तावरील विश्वासाच्या द्वारे सर्व विश्वास ठेवणाऱ्यांसाठी आहे, असे पौल तिथे म्हणतो आणि त्याच दमात सांगतो की यात भेद नाही. पहिल्या बाकावर बसणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी (त्या निवृत्त शिक्षिका आहेत) चष्मा काढून उघड्या पुस्तकावर ठेवला आणि विचारले, “मी कळत्या वयापासून उपासना चुकवली नाही, दशमांश (मिळकतीचा दहावा भाग) दिला, सासूबाईंचे नऊ वर्षांचे आजारपण काढले, आणि मागच्या नाताळात बाप्तिस्मा घेतलेला तो मुलगा. आम्हा दोघांना एकच माप?” अभ्यास मी घेत होतो, म्हणून मी “हो” म्हणालो. पण तो ‘हो’ माझ्याच कानाला पोकळ लागला, म्हणून हा धागा काढला आहे.

माझ्या मते निम्मी अडचण आपल्या शब्दात आहे. मराठीत नीती म्हणजे वागणूक. ‘नीतिमान माणूस’ म्हटले की खोटे न बोलणारा, दुसऱ्याच्या पैशाला हात न लावणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. मग ‘देव नीतिमत्त्व देतो’ हे वाक्य ऐकताना चांगली वागणूक कुणी आयती आणून द्यावी तसे काहीतरी विचित्र वाटते. पौलाने वापरलेले ग्रीक क्रियापद मात्र न्यायालयातले आहे. त्याचा अर्थ निवाडा देणे, बरोबर ठरवणे असा आहे, आणि आपल्या भाषांतरकारांनी ‘नीतिमान ठरवणे’ असे लिहून तो अर्थ जपलाही आहे. आपण वाचताना ‘नीतिमान’वर थांबतो आणि ‘ठरवणे’वरून पुढे घसरतो, हा दोष आपला. त्यामागच्या हिब्रू शब्दात आणखी एक छटा आहे, ती कराराशी एकनिष्ठ राहण्याची. म्हणूनच स्तोत्रांत आणि यशयाच्या ग्रंथात देवाचे नीतिमत्त्व आणि देवाने केलेले तारण हे शब्द वारंवार जोडीने येतात.

दुसरी गोष्ट प्रसंगाची. हे पत्र पौलाने इ. स. ५७ च्या सुमारास करिंथहून लिहिले. त्याआधी, ४९ च्या आसपास, सम्राट क्लौद्य याने यहुद्यांना रोममधून बाहेर काढले होते आणि अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे जोडपे त्यामुळेच करिंथला येऊन राहिले होते, असे प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय सांगतो. क्लौद्य ५४ मध्ये मेल्यावर लोक परतू लागले तेव्हा घरोघरी भरणाऱ्या मंडळ्यांचा कारभार मधल्या काळात यहुदीतर विश्वासणाऱ्यांच्या हाती गेलेला होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मांस खावे की भाजीपाला, कोणता दिवस पाळावा, यावरून चाललेली कुरबूर चौदाव्या अध्यायात दिसतेच. म्हणजे ‘भेद नाही’ हे शब्द एका घरात एकत्र बसणे जड जाणाऱ्या दोन गटांना उद्देशून लिहिलेले आहेत. पहिल्या अध्यायात पौल परराष्ट्रीयांचा, म्हणजे यहुदीतरांचा, हिशेब मांडतो, दुसऱ्यात यहुद्यांचा, आणि तिसऱ्यात दोन्ही बेरजा सारख्याच निघाल्या असे दाखवतो. समानता देणगीपासून सुरू होत नाही, ती कर्जापासून सुरू होते.

हे मी नाशिकच्या शरणपुरात बसून लिहितो आहे, म्हणून एक आठवण नोंदवतो. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या या वस्तीत अरबी समुद्रातील गुलामवाहू जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले आणून त्यांना अक्षरओळख आणि हातचे काम शिकवले जात असे. मिशनरी व संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचे शव आफ्रिकेतून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत असलेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील दफनाच्या वेळी हजर असलेला जेकब वेनराइट हा याच शाळेचा विद्यार्थी. त्या मुलांना आणि इथल्या मराठी विश्वासणाऱ्यांना एकच सुवार्ता सांगितली गेली. ती सांगणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी किती पाळली, हा प्रश्न वेगळा.

जाणकारांनी लिहावे. बाईंना येत्या रविवारी उत्तर द्यायचे आहे.

निवृत्त शिरस्तेदार

आपण न्यायालयाचा शब्द काढलात, म्हणून लिहितो. माझी सारी नोकरी न्यायालयाच्या दप्तरात गेली आणि निकालपत्रांच्या नकला किती तयार केल्या त्याची गणती नाही. आमच्याकडे आरोपी सुटतो तो मुख्यतः दोन प्रकारे. एक, त्याने गुन्हा केलाच नाही असे पुराव्यावरून दिसले म्हणून. आणि दोन, संशयाचा फायदा देऊन. दुसऱ्या प्रकाराने सुटलेल्या माणसाकडे गाव पुढची वीस वर्षे तिरक्या नजरेने पाहते, हेही मी पाहिले आहे.

पौल जे सांगतो ते या दोन्हींत बसत नाही. पुरावा पूर्ण आहे, संशयाला जागा नाही, सर्वांनी पाप केले आहे हे तेविसाव्या वचनात नोंदले गेले आहे आणि तरीही निकाल ‘नीतिमान’ असा लागतो. चौथ्या अध्यायाच्या पाचव्या वचनात तर देवाला ‘अधर्म्याला नीतिमान ठरवणारा’ असेच म्हटले आहे. आता नीतिसूत्रांचा सतरावा अध्याय, पंधरावे वचन उघडून पाहा. दोषी माणसाला जो नीतिमान ठरवतो त्याचा परमेश्वराला वीट येतो, असा तिथला आशय आहे. जुन्या करारातील अनुवाद नावाच्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाधीशांना हाच दंडक घालून दिला आहे. मग जे न्यायाधीशांनी करू नये असे देवानेच सांगितले, ते देव स्वतः करतो काय? माझ्या दृष्टीने बाईंच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न अवघड आहे, आणि पौलालाही तो जाणवला असावा. नाहीतर देवाने आपण स्वतः न्यायी असावे आणि विश्वास ठेवणाऱ्यालाही नीतिमान ठरवावे, असे दुहेरी वाक्य त्याने सव्विसाव्या वचनात घातलेच नसते.

याचे उत्तर पंचविसाव्या वचनात आहे, पण तिथला शब्द आपल्या वाचनात हरवतो. आपण ‘प्रायश्चित्त’ वाचतो. ग्रीकमध्ये जो शब्द आहे तोच जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कराराच्या कोशावरील (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवरील) सोन्याच्या झाकणासाठी, म्हणजे ‘दयासना’साठी वापरलेला आहे. लेवीय या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायाप्रमाणे वर्षातून एकदा, पडद्याआड, प्रमुख याजक एकटाच त्यावर रक्त शिंपडत असे. पौल म्हणतो की देवाने ख्रिस्ताला उघडपणे पुढे ठेवले. पडद्याआड होणारी गोष्ट चव्हाट्यावर, वधस्तंभावर झाली. फाइल दडपली गेली नाही. तिचा निकाल भर कोर्टात लागला आणि त्याची किंमत न्यायाधीशाने स्वतः भरली.

जाता जाता: याच उताऱ्याच्या आसपास आपण ‘खंडणी’ हा शब्द वाचतो, तो मूळचा गुलाम किंवा कैदी सोडवण्यासाठी भरलेल्या रकमेचा आहे. आज वर्तमानपत्रात ‘खंडणीचा गुन्हा दाखल’ वाचणाऱ्या तरुणाला तो काय कळणार? अभ्यास घेताना आधी शब्द उलगडावा, ही विनंती.

गोदाकाठ

मी नाशिकरोडच्या कॅथोलिक धर्मग्रामातील आहे. शिरस्तेदार काकांचे लिखाण आवडले, पण केवळ न्यायालयाच्या चित्रावर थांबणे आम्हाला अपुरे वाटते. निकाल लागला आणि माणूस होता तसाच घरी गेला, तर देवाच्या शब्दाने काय केले? देव ‘प्रकाश होवो’ म्हणाला तेव्हा प्रकाश झाला. तसे देव ‘नीतिमान’ म्हणाला की त्या कृपेने माणूस आतून बदलू लागतो, हा आमचा आग्रह आहे. १३ जानेवारी १५४७ रोजी कॅथोलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने आपल्या सहाव्या बैठकीत हेच मांडले आणि ‘केवळ विश्वासाने’ या प्रोटेस्टंट सूत्राचा एक विशिष्ट अर्थ नाकारला. त्याच आदेशात असेही आहे की नीतिमान ठरवले जाण्याआधीची कोणतीही गोष्ट, मग तो विश्वास असो की कृत्ये, त्या कृपेची कमाई करत नाही. हा भाग दोन्ही बाजूंचे लोक वाचत नाहीत.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२२ च्या जर्मन नव्या करारात याच अध्यायाच्या अठ्ठाविसाव्या वचनात ‘केवळ’ हा शब्द स्वतःहून घातला, यावरून साडेचार शतके भांडण चालले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथोलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो आणि चांगल्या कृत्यांसाठी पवित्र आत्मा देतो, असा त्याचा मध्यवर्ती आशय आहे. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या. मतभेद संपले असे मी म्हणणार नाही, पण शरणपूर आणि नाशिकरोड यांच्यात या वचनावरून आज पूर्वीइतके अंतर उरलेले नाही.

द्राक्षमळा

बाईंचा प्रश्न मला रोज सकाळी मळ्यावर भेटतो. मी दिंडोरी तालुक्यातला. छाटणी आणि विरळणीच्या दिवसांत पेठ, सुरगाण्याकडची माणसे कामाला असतात. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील दृष्टांत (पहाटे आलेला मजूर आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेला मजूर, दोघांनाही एकच दीनार) मी एकदा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवला. मुकादम हसून म्हणाला, “शेठ, असे दोन दिवस करून बघा, तिसऱ्या दिवशी सकाळी बांधावर कुणी दिसायचे नाही.” त्याचे बरोबर आहे. मजुरीचा व्यवहार त्या तत्त्वावर चालू शकत नाही, आणि पौलही तेच म्हणतो: चौथ्या अध्यायात तो सांगतो की काम करणाऱ्याची मजुरी ही कृपा नसते, ते देणे असते. हजेरीच्या वहीत ज्याचा दिवस भरला त्याला पैसे देऊन मी काही उपकार करत नाही.

म्हणून मला वाटते की बाई देवाशी हजेरीच्या वहीचा हिशेब करत आहेत आणि देवाने त्यांच्यासाठी ती वही उघडलेलीच नाही. मात्र हेही सांगतो की उन्हात आठ तास काढलेल्या माणसाची कुरकुर मला आजही खोटी वाटत नाही.

पौषवारी

मी ख्रिस्ती नाही. दरवर्षी निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी पायी जाणारा आहे. धागा मन लावून वाचला. दोन शंका विचारतो, राग मानू नये. कृत्यांनी काही मिळत नाही आणि विश्वासाने मिळते, असे असेल तर विश्वास ठेवणे हेही एक कृत्यच झाले नाही काय? ज्याचा विश्वास मोठा त्याचे पुण्य मोठे, असा नवा भेद तिथे उभा राहतो. आणि दुसरे, निकाल आधीच लागला असेल तर माणसाने चांगले वागावे कशासाठी?

शरणपूरकर

राग कसला, शंका मोलाच्या आहेत. दुसरी आधी घेतो, कारण ती पौलाला त्याच्या हयातीतच विचारली गेली होती. तिसऱ्या अध्यायाच्या आठव्या वचनात तो म्हणतो की ‘चांगले व्हावे म्हणून आपण वाईट करू’ असे आम्ही शिकवतो, अशी आमची निंदा काही जण करतात. सहाव्या अध्यायाची सुरुवातही त्याच प्रश्नाने होते आणि त्याचे उत्तर असे आहे की बाप्तिस्मा घेतलेला माणूस ख्रिस्ताबरोबर मेला आणि नव्या जीवनात चालू लागला. मेलेल्या माणसाला जुन्या घरी परत जाता येत नाही. याकोबाच्या पत्रातील ‘कृत्यांवाचून विश्वास निर्जीव आहे’ हे वाक्य ल्यूथरला खटकत असे. मला ते खटकत नाही. भावाबहिणीला उघडेनागडे आणि उपाशी पाहून ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ असे नुसते म्हणणाऱ्याबद्दल याकोब बोलतो आहे. तो ज्याला निर्जीव म्हणतो त्याला पौलाने विश्वास म्हटलेच नसते.

पहिल्या शंकेसाठी थोडे व्याकरण लागेल. बाविसाव्या वचनात मूळ ग्रीकमध्ये ‘येशू ख्रिस्ताचा विश्वास’ अशी षष्ठी आहे. मराठीत ‘आईची आठवण’ म्हणजे आईविषयीची आठवण आणि ‘आईची माया’ म्हणजे आईने केलेली माया. प्रत्यय एकच, पण दिशा उलट. ग्रीकमध्येही तसेच होते. आपली भाषांतरे ‘ख्रिस्तावरील विश्वास’ असे घेतात, तर अलीकडच्या कित्येक अभ्यासकांना तिथे ‘ख्रिस्ताचा विश्वासूपणा’, म्हणजे मरणापर्यंत त्याने पाळलेली आज्ञा, असा अर्थ वाटतो. व्याकरणावरून वाद मिटत नाही. मला दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण नाहीतर ‘विश्वासाच्या द्वारे’ आणि ‘सर्व विश्वास ठेवणाऱ्यांसाठी’ ही एकाच वाक्यात पुनरुक्ती होते. पण पहिला अर्थ घेतला तरी भार आपल्या विश्वासाच्या वजनावर पडत नाही. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाका; आणि एवढ्या भांडवलावर त्याचा मुलगा बरा होतो. सत्ताविसाव्या वचनात पौल विचारतो की मग अभिमान कुठे राहिला, तो बाहेर ठेवला गेला. आपल्या विश्वासाचा अभिमानही त्या दाराबाहेरच राहतो.

ओझरची लेक

वाद चांगला चालला आहे, पण सगळे जण वचनाचा पहिला अर्धा भाग उलगडत आहेत. धाग्याचे नाव ‘भेद नाही’ असे आहे, म्हणून मी दुसऱ्या भागाबद्दल लिहिते.

आमच्या घरात ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या. भावाचे लग्न ठरवताना मुलीकडची मंडळी आली, तीही पिढीजात ख्रिस्तीच. प्रार्थना झाली, चहा झाला आणि मुलीच्या काकांनी कप खाली ठेवत वडिलांना विचारले, “तसे आता काही राहिलेले नाही म्हणा, पण मूळचे तुम्ही कोण?” वडिलांनी उत्तर दिले. नंतर त्यांचा निरोप आला नाही. त्या गृहस्थांना रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय पाठ असेल, याची मला खात्री आहे.

विश्वासाने नीतिमान ठरण्याची शिकवण पौलाने रोमच्या पत्राच्याही आधी गलतीकरांस पत्रात मांडली आणि तिथे ती कोणत्या प्रसंगातून निघाली हे दुसऱ्या अध्यायात वाचावे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आल्यावर तो त्या पंगतीतून उठला आणि वेगळा बसू लागला. पौलाचा सहकारी बर्णबाही त्याच्या मागे गेला. पौलाने सर्वांसमोर पेत्राला तोंडावर अडवले आणि हा प्रसंग सांगून लगेच सोळाव्या वचनात म्हटले की माणूस नियमशास्त्रातील कृत्यांनी नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो. मराठीत याला एक नेमका शब्द आहे: पंक्तिभेद. ट्रेंट आणि आउग्सबुर्ग पुढच्या गोष्टी. ही शिकवण पहिल्यांदा कागदावर उतरली ती पंक्तिभेद मोडण्यासाठी. आपण तिला मरणानंतरच्या निकालाची शिकवण करून टाकली आणि पंगत जशीच्या तशी ठेवली.

ज्या शहरात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे दार उघडले नाही, त्या शहरातील मंडळीने तरी हे वचन डोळे मिटून वाचू नये. बंद दार फक्त पंचवटीत होते, असे म्हणून आपली सुटका होत नाही.

गोदाकाठ

ताई, आमच्याकडेही हा प्रश्न विचारला जातो. फक्त तो चहाच्या आधी विचारला जातो की नंतर, एवढाच काय तो फरक. आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

निवृत्त शिरस्तेदार

माझ्या प्रतिसादात मी निकालपत्र सांगितले, पण निकालाची अंमलबजावणी सांगायची राहिली. दप्तरात आयुष्य घालवलेल्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती.

शरणपूरकर

ओझरच्या ताईंनी जे लिहिले ते मी काल अभ्यासात नाव न घेता वाचून दाखवले. काही जणांनी माना खाली घातल्या. एक-दोघांना ते विषयाला सोडून वाटले. मला तसे वाटले नाही. हा धागा काढताना मी रोममधील दोन गटांबद्दल सहज लिहून गेलो होतो आणि आपल्यातील गटांचा मला विसर पडला होता, हे कबूल करतो.

बाईंना उत्तर देण्यासाठी मी चौथा अध्याय घेतला. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो त्याच्या हिशेबी नीतिमत्त्व म्हणून गणला गेला, हे उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात आहे. त्याची सुंता झाली ती सतराव्या अध्यायात. पौलाचा सगळा युक्तिवाद या क्रमावर उभा आहे: नीतिमान ठरला तेव्हा अब्राहामाजवळ खूण नव्हती, पाळलेले नियम नव्हते, तो त्या वेळी बाहेरचाच होता, म्हणूनच तो सुंता न झालेल्यांचाही बाप आणि सुंता झालेल्यांचाही. बाईंनी मला मध्येच थांबवले आणि पेन्सिलीने पुस्तकाच्या समासात आकडे मांडले. सोळाव्या अध्यायात अब्राहामाचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता, सुंतेच्या वेळी ९९ वर्षांचा. “म्हणजे मधली तेरा वर्षे तर नक्कीच,” त्या म्हणाल्या. “तेरा वर्षे तो या पोरासारखा होता.”

मग त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “पटले असे मी म्हणणार नाही. माझी नऊ वर्षे कुठे लिहिली आहेत, ते तुम्ही अजून सांगितलेले नाही.” मी इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील दहावे वचन काढून दिले. त्यात आपण सत्कृत्ये करण्यासाठी निर्माण केलेले आहोत आणि ती देवाने आधीच योजून ठेवली आहेत, असे आहे. ते त्यांनी दोनदा वाचले, पुस्तक मिटले आणि मागच्या बाकाकडे वळून त्या मुलाला विचारले की तो सातपूरहून येतो तर त्याला परत जायला बस किती वाजता आहे. पुढच्या रविवारी चौथा अध्याय पुन्हा घ्यायचा, असे त्यांनीच ठरवले आहे.